पट्टी कधी येणार?

रत्नागिरीजवळ हातखंब्याच्या तिठ्यावर बोली म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. हापूसची पेटी वाशीला गेली की तिच्यावर बोली लागते आणि कितीला गेली हे बागायतदाराला दलालाची पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, आल्यावर कळतं. दलाली, हमाली, तोलाई वजा जाता उरेल ते त्याचं.

चित्रांचा धंदा याहून सोपा. तिथे पट्टीच येत नाही. पंढरपूरचे चित्रकार म. फि. हुसेन एके काळी सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरत. त्यांचं १९५४ सालचं ‘ग्राम यात्रा’ ऑस्लोच्या इस्पितळात कित्येक दशकं टांगलेलं होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात ते सुमारे ११८ कोटींना गेलं. हुसेन २०११ मध्येच वारले होते, तेही परदेशात; इथल्या खटल्यांना कंटाळून त्यांनी देश सोडला होता. वासुदेव गायतोंडे दिल्लीत एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले, २००१ मध्ये वारले. २०२५ मध्ये त्यांच्या एका कॅनव्हासला ६७ कोटी आले. माणूस गेला की माल पिकतो, एवढाच काय तो आंब्याशी फरक.

आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३-अ आहे, बरं का! चित्र दहा हजारांवर पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा वारसांना १० टक्क्यांपर्यंत वाटा. कलम छान आहे; भिंतीवर टांगलेलंच शोभतं.

तिठ्यावर चहाला थांबलात, तर टपरीतलं रविवर्मा छापाच्या लक्ष्मीचं कॅलेंडर मागून बघा. डिसेंबर संपला की फुकट देतात.