पहिलं शिबिर भरवताना

अभिनंदन! ८ मार्च तोंडावर आलाय, वॉर्डातलं तिकीट अजून ठरायचंय आणि तुम्हाला अचानक प्रभागातल्या माताभगिनींच्या तब्येतीची काळजी वाटू लागली आहे. घाबरू नका. पहिल्या वेळी सगळ्यांनाच असं होतं. मंडपवाल्याचं बिल हातात पडलं की उतरतं.

महिला आरोग्य तपासणी शिबिर भरवणं अवघड नाही. एकच सूत्र पक्कं धरा: पाचशे जणी तपासल्या गेल्या पाहिजेत आणि एकीलाही काही सापडता कामा नये. सापडलं की निस्तरावं लागतं. पुढची तपासणी, शहरातलं मोठं हॉस्पिटल, एसटीचं भाडं, घरच्यांची समजूत... हे सगळं फ्लेक्समध्ये बसत नाही.

१. फ्लेक्स आधी, डॉक्टर नंतर.

'भव्य मोफत सर्वरोग निदान शिबिर' असं छापा. 'भव्य' आणि 'सर्वरोग' हे दोन शब्द गाळू नका. वर साहेब, मधे भाऊ, दोन्ही बाजूंना वहिनी. कोपऱ्यात स्टेथोस्कोपचं चित्र टाकायची पद्धत आहे, पण युवा आघाडीचा अध्यक्ष रुसला असेल तर ती जागा त्याला द्या. डॉक्टरांची नावं 'व इतर मान्यवर' यात येतात.

२. वेळ सकाळी सातची द्या. उपाशीपोटी या, असं बजावा.

पाहुणे साडेदहाला येतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, तीन मनोगतं. आठ-दहा तासांचा उपास पुरतो त्या ठिकाणी पंधरा तास होतात. एखाद्या आजींना गरगरायला लागतं, मग वहिनी स्वतःच्या हातांनी त्यांना पाणी पाजतात. छायाचित्रकाराला आधी सांगून ठेवलं तर हा क्षण वाया जात नाही. त्यानंतर सगळ्यांना उपमा वाढा, आणि उपम्यानंतर फास्टिंग शुगर घ्या. आकडे थोडे चढे येतील. 'ताण घेऊ नका' असं सांगून पुढे पाठवा.

३. तपासण्या निवडताना फोटोचा विचार करा.

बीपी उत्तम: दंडाला पट्टा, चेहरा कॅमेऱ्याकडे. वजनकाटाही चालतो, मात्र आकडा मोठ्यानं वाचू नका, मत जातं. हाडांच्या ठिसूळतेचं छोटं यंत्र औषध कंपनीवाले स्वतःच घेऊन येतात. टाच त्यात ठेवायची, मिनिटाभरात चिठ्ठी बाहेर. हाडं खरोखर ठिसूळ झालीत का हे ठरवायला खुब्याचा आणि मणक्याचा डेक्सा स्कॅन लागतो, टाचेवरून निदान होत नाही. पण डेक्साच्या यंत्राला चाकं नसतात आणि त्याच्यासोबत कॅल्शियमच्या गोळ्यांचं सँपलही येत नाही.

एखादी लॅब '८० चाचण्यांचं महिला पॅकेज' सवलतीत देऊ करील. घ्या. आकडा भारदस्त आहे. रक्ताच्या एकाच तपासणीतल्या वीसेक ओळी वेगवेगळ्या मोजल्या, कोलेस्टेरॉलच्या सात-आठ मोजल्या की ऐंशी कधी भरतात कळतही नाही. भर म्हणून त्यात सीए-१२५ घालतात. काही त्रास नसलेल्या बाईची ही चाचणी चाळणी म्हणून करू नये, असं डॉक्टरमंडळी सांगतात, कारण साध्या पाळीच्या दिवसांतही आकडा वर जाऊ शकतो. जाऊ दे. आकडा वर गेलेली बाई महिनाभर झोपत नाही, त्यानंतर सोनोग्राफी करते, आणि तीही त्याच लॅबच्या मालकाकडे.

४. पडदा.

नवशिके हटकून इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दरवेळी एक उत्साही डॉक्टरीण असतेच. ती म्हणते, "पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणीही करू या की. फार काही लागत नाही. एक टेबल, चांगला उजेड, निर्जंतुक केलेली उपकरणं, कापूस आणि पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड. लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का बघायचं." तुम्ही मनात म्हणता, म्हणजे व्हिनेगरच ना? चायनीजच्या गाडीवरचं? आणि हो म्हणून बसता. मग ती हळूच शेवटची वस्तू मागते. पडदा.

पडदा म्हणजे आडोसा. आडोसा म्हणजे स्वतंत्र खोली. समाजमंदिराला खोली एकच, आणि तिच्यात मसालेभाताची पातेली ठेवलेली. पातेली हलवलीत तरी दाराबाहेर रांग लागणार, रांगेत सासू असणार, आणि 'आमचीला आत एवढा वेळ का?' हा प्रश्न तुमच्याकडे येणार. सगळ्यात वाईट म्हणजे आत फोटो काढता येत नाही. ज्या तपासणीचा फोटो नाही, ती झाली हे साहेबांना कळणार कसं?

डॉक्टरीण पुरावे काढील. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनं १९९८ पासून दीड लाख बायकांवर अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी दर दोन वर्षांनी हीच व्हिनेगरची तपासणी केली, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत, जिल्हा उस्मानाबाद होता तेव्हा, सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. ज्या गावांत एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच केली, तिथे आठ वर्षांत हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ऐकून घ्या, मान डोलवा आणि म्हणा, "मॅडम, तुमच्याकडे आठ वर्षं आहेत. आमच्याकडे शनिवार आहे."

तरीही ऐकलं नाही, तर मंडपवाल्याला विचारल्यासारखं करा. त्याच्याकडे पडदा असतो. चाळीस फुटी, मरून रंगाचा, मखमली. पण तो स्टेजच्या मागे लागलेला असतो, आणि त्यावर थर्मोकोलची 'नारीशक्ती' ही अक्षरं टाचलेली असतात. काढला तर 'शक्ती' पडते. तेव्हा नाइलाज आहे.

स्तनांच्या तपासणीला तर यंत्रही लागत नाही. मुंबईच्या त्याच अभ्यासात नुसत्या प्रशिक्षित हातांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनांच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. अडचण वेगळीच आहे. निवेदिकेला तो शब्द माईकवर उच्चारता येत नाही. ती 'छातीची तपासणी' म्हणते, आणि सगळ्याजणी ईसीजीच्या रांगेत जाऊन उभ्या राहतात. रांग मोठी दिसते. असू द्या.

५. आशाताईंचा फॉर्म टाळू नका, जागा बदला.

त्यांच्याकडे तिशीपुढच्या प्रत्येकीसाठी सी-बॅक नावाचा फॉर्म असतो. कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की गुण मिळतात, आणि या परीक्षेत गुण जास्त म्हणजे वाईट. मिश्री लावता का? छातीत गाठ? पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून गेलं का? फॉर्म चांगलाच आहे, म्हणून त्याचं टेबल स्पीकरच्या खांबाला लागून मांडा. गाणं चालू असलं की आशाताईंना ओरडून विचारावं लागतं आणि बाईला ओरडून उत्तर द्यावं लागतं, शेजारी जाऊबाई उभी असताना. 'नाही' हे उत्तर सर्वांत कमी श्वासात देता येतं. मिश्रीला नाही, गाठीला नाही, अंगावरून जाण्याला नाही. हे सगळं तोंडावर पदर धरून. पाचशे फॉर्म, पाचशे निरोगी महिला. प्रेसनोट इथेच तयार झाली.

मोबाइल नंबर मुलाचाच लिहून घ्या. उद्या चुकून कोणाचा रिपोर्ट वाकडा आला आणि लॅबनं फोन केला, तर तो "राँग नंबर" म्हणून ठेवून देतो. तो मीटिंगमध्ये असतो.

६. उपकेंद्राचा विषय काढू नका.

ही गोष्ट बायकांना कळली तर आपला धंदा बसेल. ३० ते ६५ वयाच्या बाईची तोंडाची, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात दर पाच वर्षांनी मोफत व्हावी, असं धोरणच आहे. फ्लेक्स नाही, निवेदिका नाही, वाण नाही. सुदैवानं ही बातमी फारशी फुटलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या देशभरात १.९ टक्के निघाल्या. स्तनांची ०.९ टक्के. याला अनेक वर्षांची, अनेक हातांची मेहनत लागली आहे. आणि आपल्या बायकांचा दुखणं अंगावर काढण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सरावही कामी आला, त्यांचं श्रेय नाकारून चालणार नाही.

७. वाण शेवटी द्या.

आधी दिलंत तर निम्मा मंडप रिकामा होतो. स्टीलचा डबा द्या, झाकणावर भाऊंचं नाव कोरलेला. रिपोर्टचा कागद दोन दिवसांत पिठाच्या डब्याखाली जातो, पण झाकण निवडणुकीपर्यंत टिकतं. लकी ड्रॉची पैठणी ठेवलीत तर एकही खुर्ची हलणार नाही.

८. काकू.

आभारप्रदर्शन झालं, भात संपला, डॉक्टरीण स्कूटी काढून गेली. पोरं खुर्च्या एकात एक घालतायत. अशा वेळी एक काकू मागे राहतात. प्रत्येक शिबिरात राहतात. डबा पोटाशी धरलेला, चप्पल अजून घातलेली नाही. "मॅडम गेल्या का?" असं विचारतात. गेल्या म्हटलं तरी हलत नाहीत. मग आशाताईंच्या अगदी जवळ जाऊन, गाणं बंद झालंय याची खात्री करून म्हणतात, "फॉर्मात मी नाही म्हटलं होतं ते... पाळी जाऊन सहा वर्षं झाली माझी. आणि दिवाळीपासून परत..."

इथे चपळाई दाखवा. त्यांना खुर्ची देऊ नका, खुर्ची दिली की वाक्य पूर्ण होतं. "काकू, पुढच्या वर्षी लवकर नंबर लावा" म्हणा, त्यांच्या हातात शिल्लक राहिलेला दुसरा डबा ठेवा आणि मंडपवाल्याच्या पोराकडे वळा. तो शिडीवर चढून दोऱ्या सोडत असतो. 'नारीशक्ती' आधीच काढून खाली ठेवलेली असते. पडदा भसकन खाली आला की त्याला आवाज द्या, नीट घडी घाल रे, संध्याकाळी शेजारच्या वॉर्डात लागायचाय.