नांदेडचं पित्त, लातूरचा डॉक्टर

आमच्या नांदेडात नैराश्य नावाचा आजार नाही. चिंतारोग वगैरे तर नाहीच नाही. आमच्याकडं आहे ते पित्त. मास्तरला रात्र-रात्र झोप येत नाही, पित्त. आडत्याच्या छातीत भावाचा मेसेज आला की धडधडतं, तो गॅस. नव्या सुनेला भाकरी थापता-थापता रडू फुटतं, तिला नजर लागलेली असते. बँकेचा मॅनेजर मार्चमध्ये टेबलावर डोकं टेकवून बसला तर ते बीपी. नजरेला मीठ-मोहरी आहे, बाकी सगळ्याला इनो. पित्त हा अब्रूदार आजार आहे. तो चारचौघांत सांगता येतो, आणि सांगितला की समोरचा आपलं पित्त सांगतो. सोयरीक जुळवतानासुद्धा मुलाला पित्त आहे म्हणून कुणी नारळ परत केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पित्ताच्या खालोखाल टेन्शन. हा शब्द आपण घेणं आणि देणं या दोनच क्रियापदांबरोबर वापरतो. मी बँकेतला माणूस, त्यामुळं मला यातला घोटाळा लगेच दिसतो. ‘मी लई टेन्शन घेतलंय’ असं सगळेच म्हणतात. ‘मी दिलंय’ असं म्हणणारा आजवर भेटला नाही. नावे पडलेली रक्कम कुठंतरी जमा दिसायला नको? एवढा मोठा ताळेबंद कुठल्या ऑडिटरनं पास केला कोण जाणे.

आमच्याकडं पीककर्जाचं दरवर्षी ‘नवं-जुनं’ होतं. शेतकरी कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे आणतो, जुनं कर्ज भरतो, आम्ही नवं मंजूर करतो, तो ज्याचे त्याला परत करतो. कर्ज तेवढंच राहतं, तारीख तेवढी ताजी होते. माणसाच्या काळजीचंही हेच चालतं. पोराच्या दहावीची काळजी फिटली की त्याच रकमेत बारावीची मंजूर. बारावीची फिटते ती नोकरीच्या काळजीनं, नोकरीची लग्नाच्या. थकबाकीत जायची सोय नाही आणि माफीची घोषणा व्हायची आशा नाही.

आता माझ्याबद्दल. मी एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. कुठली बँक ते विचारू नका, मला अजून बारा वर्षं नोकरी करायची आहे. सकाळी साडेनऊला व्हीसी असते. त्यात वरचे साहेब आमच्या शाखेच्या साहेबांना विचारतात, काल किती पॉलिस्या झाल्या? साडेदहाला शाखेचे साहेब मला विचारतात. अकरा वाजता मी कंधारहून आलेल्या म्हाताऱ्याला विचारतो. तो आलेला असतो अनुदान जमा झालं का बघायला. ‘बाबा, विमा काढून टाका, टेन्शन राहत नाही.’ म्हातारा म्हणतो, ‘साहेब, मला टेन्शन न्हाईच की.’ मग ते त्याला द्यावं लागतं.

तर अशाच एका मार्चच्या रात्री अडीच वाजता मी उठून बसलो. छाती आवळली, तळहात ओले, आणि आता आपण मरणार याची शंभर टक्के खात्री. आयुष्यात पहिल्यांदा कशाचे तरी शंभर टक्के झाले होते. बायको म्हणाली, ‘अहो, काय करायलाव? कामून घाबरलाव?’ तीन वाजता ईसीजी काढला. नॉर्मल. ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरनं निकाल दिला, ‘काका, गॅस आहे.’ घरी येताना बायकोच्या चेहऱ्यावर समाधान होतं. गॅस घराण्यात आहे. सासऱ्यांनाही होता.

पुढच्या तीन महिन्यांत असे चार गॅस झाले.

मध्यंतरी बँकेला आमच्या मनाची काळजी वाटू लागली. ताणतणाव व्यवस्थापनाची कार्यशाळा ठेवली. रविवारी. हजेरी सक्तीची, गैरहजर राहणाऱ्याचा खुलासा मागवला जाणार. पुण्याहून एक प्रशिक्षक आले होते, पांढरा कुर्ता, कानाला माईक. त्यांनी चार आकडे मोजत श्वास घ्यायला, चार मोजत रोखायला आणि चार मोजत सोडायला शिकवलं. रोखायला आम्हाला शिकवावं लागलं नाही. मधूनच प्रशिक्षकांनी उद्योगपतींचे दाखले दिले. इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं सांगितलं. लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे नव्वद तास आणि रविवारी घरी बसून बायकोकडं किती वेळ बघत राहणार हा त्यांचा प्रश्न 2025 च्या जानेवारीत देशभर गाजला. आमच्या शाखेतल्या शिपायानं हळूच विचारलं, सोयाबीनच्या हंगामात मोंढ्यातला हमाल पहाटेपासून रात्रीपर्यंत पोती उचलतो, त्याला कुठल्या कंपनीचा अध्यक्ष करायलेत? प्रशिक्षक म्हणाले, छान प्रश्न आहे, आता आपण डोळे मिटूया.

शेवटी कृतज्ञतेची वही मिळाली. रोज सकाळी नऊच्या आत आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते लिहून त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. न टाकणाऱ्याचं नाव तक्त्यात लाल होतं. पहिल्या आठवड्यात मी निसर्ग, कुटुंब, आरोग्य, गोदावरी आणि गुरुद्वाऱ्यातला लंगर एवढ्यांबद्दल कृतज्ञ झालो. दुसऱ्या आठवड्यात विषय संपले. रात्री अकरा वाजता उद्या कशाबद्दल कृतज्ञ व्हायचं या विचारानं पाचवा गॅस झाला.

त्या रात्री मी गच्चीवर जाऊन 14416 लावला. सरकारची टेलिमानस सेवा आहे, 10 ऑक्टोबर 2022 ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली, फोन फुकट. पलीकडं एक बाई होत्या, मराठीत बोलल्या. सरकारी माणूस फोन उचलतो, वर ऐकून घेतो, हा धक्काच एवढा मोठा होता की निम्मी धडधड तिथंच थांबली. त्यांनी विचारलं, ‘कुठून बोलताय?’ आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘लातूर.’

असं का म्हणालो? नांदेडकराला विचारा. बदनामी व्हायचीच असेल तर लातूरची होऊ द्यावी, हा आमचा भूमिपुत्र बाणा. 2009 साली महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं तेव्हा लातूर रस्त्यावर उतरलं होतं. दोन्ही गावांनी माजी मुख्यमंत्र्यांची पुण्याई पणाला लावली. आजही दोघांना कामासाठी छत्रपती संभाजीनगरच गाठावं लागतं. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. पण त्यासाठी ना नांदेड बंद झालं, ना लातूर. ‘मनोरुग्णालय आमच्याच गावाला हवं’ अशी घोषणा देणारा कार्यकर्ता अजून जन्माला यायचा आहे.

असो. मी लातूर म्हणाल्यामुळं बाईंनी मला लातूरचाच पत्ता सांगितला. तुमच्या गावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं मानसोपचार विभाग आहे, संकोच करू नका. नांदेडलाही तसंच महाविद्यालय आहे, माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटं. पण तिथला केसपेपर लिहिणारा आमचा खातेदार. त्यामुळं दुसऱ्या शनिवारी बँकेला सुट्टी बघून मी लातूरला एका खाजगी डॉक्टरांचा नंबर लावला. घरी सांगितलं, बहिणीकडं चाललोय. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी तीन-साडेतीन तासांनी लातूरला टेकली.

बहीण ‘दादा, वाळलास रे’ म्हणाली आणि तिनं चहाआधी कोकमाचं सरबत दिलं. भाचा वर्क फ्रॉम होम होता. हे पोरगं लातूर पॅटर्नचा अस्सल माल. ऐंशीच्या दशकात राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी पोरांकडून जादा तास आणि सराव परीक्षा घोटून घ्यायला सुरुवात केली आणि त्यातून जो पॅटर्न उभा राहिला त्यानं कोरडवाहू गावांतल्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, यात खोटं काही नाही. हेच वाघमारे सर पुढं 1994 मध्ये आमच्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणजे महत्त्वाकांक्षेच्या बाबतीत तरी दोन्ही गावांचा सातबारा एकत्रच आहे. पुढं पॅटर्नचं दुकान झालं, दुकानाची पेठ झाली. आता ट्यूशन एरियात विजेच्या खांबांपेक्षा गुणवंतांचे फ्लेक्स जास्त. त्यावर हसणारी पोरं किती दिवस झोपली नव्हती ते फ्लेक्सवर छापायला जागा उरत नाही. ‘रिपीटर’ हा शब्द इथं ज्या आवाजात उच्चारतात त्या आवाजात आमच्याकडं पूर्वी ‘फरार’ म्हणत.

भाचा पहिल्याच फेरीत निघाला, पुण्याला शिकला, हिंजवडीत लागला, आणि आता रात्री दोनपर्यंत अमेरिकेशी बोलतो. मला म्हणाला, ‘मामा, मला बर्नआऊट आहे.’ बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, ‘पित्त आहे ते! उपाशीपोटी कॉफी पितंय.’ मग डॉक्टरकडं जा की, असं म्हटलं तर म्हणाला, नको, ॲप घेतलंय. महिन्याला वर्गणी भरतो. कानात यंत्र घालून झोपताना पावसाचा आवाज ऐकतो. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावातलं पोरगं पैसे मोजून पावसाचा आवाज ऐकतंय. आणि त्यातही मधेच जाहिरात लागते.

बहिणीचा दीर किल्लारीकडचा. तो तिथंच बसला होता, गप्प. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जो भूकंप झाला त्यानंतर तो दोन वर्षं अंगणात झोपला, छताखाली गेला नाही. त्याला विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणायचात याला? म्हणाला, ‘काय म्हणायचं? झोप येत न्हवती.’ एवढंच बोलला आणि उठून गेला.

दवाखान्यात पोचलो. नाव विचारल्यावर खरं नाव सांगायचं नाही हे मी एसटीतच ठरवलं होतं. पण ऐनवेळी खोटं आडनाव सुचेना. दिवसातून पन्नास वेळा जे आडनाव डोक्यात घण घालतं तेच बाहेर पडलं. आमच्या साहेबांचं. रुमालानं तोंड पुसण्याचं निमित्त करून कोपऱ्यात बसलो. आजूबाजूला दहा-बारा माणसं, सगळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघणारी. गाड्यांचे नंबर दारात दिसत होते त्यात एमएच 26 निम्मे. नांदेडचं पित्त लातूरला उतरतं हे मला तेव्हा कळलं. कंपाउंडर म्हणाला, आमचे लातूरचे नांदेडला जातेत की. एसटीला एवढं उत्पन्न दुसऱ्या कुठल्या मार्गावर नसेल.

तेवढ्यात पुकारा झाला. माझं आडनाव. खरं. सवयीनं मी उठलो. माझ्याबरोबर पलीकडच्या कोपऱ्यातून, टोपी डोळ्यांवर ओढलेला आणखी एक गृहस्थ उठला.

ते आमचे साहेब होते.

त्यांनाही ऐनवेळी आडनाव सुचलं नव्हतं.

दोघं खाली बसलो. पुन्हा उठलो. कंपाउंडरला घाई होती. म्हणाला, कुणीतरी एक जा. साहेब सीनियर, ते माझ्या नावानं आत गेले. नंतर मी त्यांच्या नावानं गेलो. डॉक्टर भले होते. पाऊण तास ऐकलं. म्हणाले, याला पॅनिक अटॅक म्हणतात, यानं माणूस मरत नाही, पित्ताच्या गोळ्या उगीच खाऊ नका. एक औषध लिहून दिलं, परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतील, मनानं बंद करू नका. मी विचारलं, टार्गेटचं काय करू? म्हणाले, त्याची गोळी माझ्याकडं नाही. मी फी विचारली तेव्हा त्यांनी आठवण करून दिली की 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय, तुमची पॉलिसी असेल तर बघा. मी मान हलवली. हजारभर पॉलिस्या विकणाऱ्या मला त्यातलं हे कलम लातूरला येऊन कळलं. आणि तो क्लेम आमच्याच शाखेतून पुढं जातो.

परतीच्या एसटीत साहेब पुढच्या बाकावर, मी मागच्या. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. साहेबांनी दोन चहा सांगितले. पैसे त्यांनीच दिले, हे मी वहीत लिहिलं. बराच वेळ कपाकडं बघून ते म्हणाले, ‘तुमच्या नावाची चिठ्ठी माझ्याकडं आहे.’ मी म्हणालो, ‘साहेब, तुमची माझ्याकडं.’ आम्ही चिठ्ठ्या काढून शेजारी ठेवल्या. औषध एकच होतं, मात्राही तीच. मग बदलायची तरी कशाला, म्हणून ज्याची त्याच्याकडं राहू दिली. साहेब बसमध्ये चढता-चढता म्हणाले, ‘सोमवारच्या व्हीसीला तेवढं दहा पॉलिस्यांचं बघा.’

डॉक्टरांनी दोघांनाही पुन्हा एका मंगळवारी बोलावलं होतं, मंगळवारी गर्दी कमी असते म्हणून. मी रजेचा अर्ज दिला. कारण, पित्त. संध्याकाळी अर्ज परत आला. लाल शाईत साहेबांचा शेरा होता. रजा नामंजूर. सदर दिवशी मलाही पित्त आहे.