धूर घ्या, पैसे द्या

जपानच्या गिफू प्रांतात शिराकावा-गो भागातलं ओगिमाची गाव. गवताने शाकारलेल्या, दोन हात जोडल्यासारख्या उंच छपरांची इथली घरं १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. त्यातल्या काहींत पैसे मोजून राहता येतं.

मिळतं काय? भिंतीऐवजी कागदी सरकती दारं, म्हणजे शेजारच्या पाहुण्याचं घोरणं विनाशुल्क. न्हाणीघर सगळ्यांत एक. जेवण सहाच्या सुमाराला, आपल्याकडे दुसरा चहा होतो तेव्हा. उशीर केलात तर यजमानीणबाई नुसत्या हसतात. त्यापेक्षा शिव्या परवडल्या. मग जमिनीतल्या चौकोनी चुलीभोवती, इरोरीभोवती, मांडी घालायची. काडीला टोचलेला नदीतला मासा, मॅग्नोलियाच्या पानावर खदखदणारं मिसो आणि डोळ्यांत धूर. ज्या धुराला कंटाळून आजीने गाव सोडलं, तोच खायला नातू टोकियोहून आगाऊ बुकिंग करून येतो. धुराने छपराचं गवत किडीपासून वाचतं म्हणे. नातवाचं काय होतं, हे कोणी सांगत नाही.

पूर्वी माळ्यावर रेशमाचे किडे पाळत. त्यांना तुतीचा पाला, ऊब आणि निवांतपणा फुकट मिळे. गिऱ्हाइकाच्या वाट्याला त्यातली फक्त ऊब येते, तीही पुढूनच, पाठ गारठलेलीच.