पाऊस पडला तर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी खानदेशात दोन व्यवहार शेजारी शेजारी चालतात, आणि दोन्ही तोंडी. ओसरीवर सालदाराचं साल ठरतं: या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत कोण कोणाच्या शेतात राबणार, पैसे किती, धान्य किती. आणि निंबाच्या सावलीत पत्त्यांचे डाव पडतात. एरवी विडीसुद्धा लपवून ओढणारे गृहस्थ त्या दिवशी उजळ माथ्याने जुगार खेळतात. माहेरवाशिणी झोक्यावर असल्याने या गृहस्थांना हटकायला कुणाला सवड नसते. 1872 चा भारतीय करार कायदा असल्या बाबतीत फार काटेकोर. कलम 30 पैजेला रद्दबातल ठरवतं. लगेच पुढचं कलम 31 मात्र, एखादी बाहेरची घटना घडली तर किंवा न घडली तर पाळायच्या कराराला सन्मानाने आत घेतं. आता मृगाआधीच धूळपेरणी करून कपाशीचं महागडं बियाणं कोरड्या मातीत टाकणारा माणूस या दोन कलमांपैकी नेमका कुठे बसतो, हे कुणी सांगावं?

आमच्याकडचं सगळं आयुष्यच 'तर'च्या ओसरीला उभं. पाऊस पडला तर कापूस, कापूस आला तर उधारी, भाव मिळाला तर पोरीचं लग्न. धुळ्याकडे कुणाला काही मागितलं की उत्तर तयार असतं, "पानी पडू दे, मंग दखू." हेच वाक्य सरकारी कागदावर 'अटी व शर्तींच्या अधीन राहून' असा कोट घालून येतं. रावेर-यावलच्या केळीला हवामानावर आधारित विमा असतो. थंडीत पारा सलग 3 दिवस 8 अंशांवर किंवा त्याखाली राहिला, तर भरपाई. दोन रात्री गारठ्यात गेल्यावर बागायतदाराने देवाजवळ काय मागावं? केळीला ऊब, की आणखी एक कडाक्याची रात्र? इतकी अवघड प्रार्थना संतांनाही करावी लागली नसेल.

त्या करार कायद्यात कलमांखाली छोटे छोटे दाखले दिले आहेत, आणि मला ते कथासंग्रहासारखे वाचायला आवडतात. एक जण म्हणतो, अमक्याच्या मागे मी उरलो तर तुझा घोडा घेईन. घोडा बिचारा कुणाच्या तरी मरणाची वाट पाहत तबेल्यात उभा. दुसऱ्याला अमुक बाईशी लग्न केल्यास पैसे मिळायचे असतात, पण ती बाई भलत्याशीच लग्न करते. कायदा म्हणतो, आता हे अशक्य समजावं. आणि लगेच पुस्ती जोडतो, तिचा नवरा मरून ती पुढे याच्याशी लग्न करेल हे संभवतं, तरीही. परक्याच्या संसाराचा इतका लांबवर विचार आमच्या गावच्या पारावरही होत नाही. दोन सरळ रेषांनी जागा बंदिस्त केली तर हजार रुपये, असाही एक करार तिथे आहे. तो अर्थातच रद्द. त्याच्याच खाली, तितक्याच कोरड्या स्वरात: माझ्या मुलीशी लग्न केलंस तर हजार रुपये देईन, असं बाप म्हणतो, करार होतो तेव्हा मुलगी हयात नसते. तोही रद्द. घटना अशक्य आहे हे दोघांना ठाऊक होतं की नव्हतं, याने फरक पडत नाही, असं कलम 36 बजावतं.

कायद्याला पडत नसेल; माझं बोट त्या ओळीवर थांबतं. चिठ्ठी पोचायला दिवस लागत, त्या काळातला तो बाप. लेकीच्या सासरची स्वप्नं रंगवत हजाराचा आकडा बोलून गेला असेल. भूमितीच्या अशक्यतेशेजारी त्याची अशक्यता बसवणाऱ्या मसुदाकाराला मुली होत्या का, असं उगाच मनात येतं.

एवढं सगळं 'तर' भोवती असूनही आमचे लोक शब्द देतातच. अट पुरी होईपर्यंत असा करार कायद्याने अमलात आणता येत नाही. पण पाऊस रुसलेल्या वर्षीही सालदाराच्या घरी ठरलेली ज्वारी पोचवणारे शेतकरी, आणि उधारीची वही आपणहून मिटवून "पुढच्या आखाजीला पाहू" म्हणणारे दुकानदार मी पाहिले आहेत. अट मोडल्यावर शब्द पाळू नये, असं कुठलं कलम त्या कायद्यात मला अजून सापडलेलं नाही.