पलंगकर

कणकवलीच्या मतदारयादीत पलंगकर हे आडनाव शोधू नये, सापडायचं नाही. जमात मात्र गावात आहे आणि वाढते आहे. मुंबईत तीस-पस्तीस वर्षं नोकरी, निवृत्तीनंतर हायवेपासून जरा आत टू बीएचके किंवा वडिलोपार्जित जमिनीत टुमदार बंगला, आणि त्यात ‘मास्टर बेडरूम’ नावाची एक खोली, जिचं दार पाहुण्याला मुद्दाम उघडून दाखवलं जातं. आत साडेसहा बाय सहाचा पलंग. त्यावर ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली पांढरी चादर, पायाकडे तिघडी केलेली राखाडी रजई, डोक्याशी दोन मोठ्या उशा उभ्या, त्यांना टेकून दोन मध्यम, पुढे तीन चिमुकल्या. त्यांतली मधली मखमली, वरून हाताच्या कडेने फटका मारून खाच पाडलेली. पायथ्याशी एक आडवी पट्टी, तिला रनर म्हणायचं. पाहुणा ‘वा!’ म्हणतो आणि टेकायला जातो, तोच मागून आवाज येतो, “थंय नको, हंय खुर्चेर बसा.”

गावात यावर एकच शेरा ऐकू येतो: हॉटेलची नक्कल. वरवर पाहता तो खराच आहे. वेस्टिन या अमेरिकी हॉटेलांनी १९९९ साली पांढऱ्याशुभ्र, उशांनी लादलेल्या पलंगाची जाहिरात केली, बाकीच्या हॉटेलांनी री ओढली आणि तो पांढरा रंग फिरत फिरत आपल्या मोबाईलवर आला. पण नक्कल करणारा माणूस वस्तूबरोबर तिचा उपयोगही उचलतो. हॉटेलात ती आडवी पट्टी असते ती पाहुण्याने बॅग टाकावी किंवा बुटासकट पाय ठेवावेत म्हणून. पलंगकरांच्या घरात चपला पायरीखालीच राहतात आणि बॅग हॉलच्या पुढे येत नाही. ती पट्टी कशाचंच रक्षण करत नाही. तेव्हा साहित्य हॉटेलचं असलं तरी प्रेरणा दुसरीकडची असली पाहिजे. माझं म्हणणं असं, की पलंगकर आधुनिक नाहीतच. ते आपल्या आजीचे सगळ्यांत कडवे शिष्य आहेत.

आजीच्या घरात अंथरूण ही रात्रीची वस्तू होती. हांतरी, वाकळ, सावरीच्या कापसाची उशी. फटफटलं की सगळ्याची वळकटी आणि वळकटी माळ्यावर. मग त्याच जमिनीवर पानं मांडायची, आमसुलं निवडायची, आल्यागेल्याला बसवायचं. दिवसा अंथरूण पसरलेलं दिसलं तर घरात आजारी माणूस आहे, बाळंतीण आहे किंवा आळशी आहे, एवढेच अर्थ निघत, आणि तिसऱ्याची गय नसे. हाच कायदा चाकरमान्याबरोबर मुंबईला गेला आणि तिथे आणखी कडक झाला. गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोल्यांत पाळीप्रमाणे झोप असे. एकाची वळकटी उठली की दुसऱ्याची पसरायची. बिऱ्हाड केलं तरी बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. पलंगकरांचा आजचा पलंग एकटाच ३९ चौरस फूट अडवतो, म्हणजे त्या खोलीचा जवळजवळ चौथा हिस्सा. एवढी जागा दिवसाढवळ्या निजेच्या नावावर करणं हा त्या संस्कारात गुन्हाच. आणि पंचाईत अशी, की खाली सामानाचा खण आणि वर आठ इंचांची गादी असलेल्या या धुडाची वळकटी होत नाही. गुन्हा लपवता येत नसेल तर त्यावर पांघरूण घालायचं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. सात उशा आहेत त्या याचसाठी. त्या झोपायला नाहीत. इथे कुणी झोपत नाही, असं दिवसभर शपथेवर सांगायला आहेत. पुरावा हवा असेल तर रात्री दहाला बघावं: साती उशा उतरून खुर्चीवर जातात, खालून एक जुनी, चेपलेली, तेलकट डागाची उशी निघते आणि तिच्यावर पलंगकर झोपतात. “एवढ्यो उश्यो मांडल्यात, निजतलास खंय?” हा घरच्या माणसाचा रोजचा प्रश्न त्यामुळे नेमक्या जागी लागतो.

पलंगकरांचा स्वतःचा खुलासा वेगळा आहे. ते शिस्तीचं नाव घेतात. विल्यम मॅक्रेव्हन या अमेरिकी अ‍ॅडमिरलने २०१४ साली टेक्सास विद्यापीठाच्या पदवीदानात, जग बदलायचं असेल तर आधी आपलं अंथरूण नीट करा, असं सांगितलं. ते भाषण पलंगकरांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर निदान चारदा टाकलेलं असतं. पण अ‍ॅडमिरलसाहेबांच्या वर्णनात एक उशी आणि घडी घातलेली जादा कांबळ आहे, मखमली खाच नाही. परदेशातला मुलगा उलट बाजू लावून धरतो: किंग्स्टन विद्यापीठातल्या २००५ च्या संशोधनानुसार अंथरूण विस्कटलेलं ठेवलं तर त्यातली ओल सुकते आणि धुळीतले सूक्ष्म किडे मरतात. संशोधन ठीक, पण ते इंग्लंडातल्या घरांचं. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आषाढात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, तिथे उघडं अंथरूण ओल सोडत नाही, आणखी ओढून घेतं. या मुद्द्यावर एक गोष्ट मात्र पलंगकरांविरुद्ध जाते आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. वळकटी गडग्यावर टाकून उन्हात तापवता येत होती. या गादीने दुकानातून निघाल्यापासून ऊन पाहिलेलं नाही. उशांच्या डोंगराखाली डांबरगोळ्यांचा वास येतो तो उगाच नव्हे.

राहिला साधेपणाचा आक्षेप. अप्पासाहेब पटवर्धनांनी गावाला लागून वागद्यात गोपुरी आश्रम उभारला. त्या कणकवलीत सात उशा शोभतात का? नाही शोभत. पण अप्पासाहेबांचा आग्रह आपली घाण आपल्या हाताने काढण्याचा होता, आणि तिथे पलंगकर अर्धे तरी उत्तीर्ण होतात. आपल्याकडे जन्मात स्वतःच्या चादरीची घडी न घातलेले पुरुष घरोघरी आहेत. हा गृहस्थ रोज सकाळी वीस मिनिटं वाकून चारी कोपरे खोचतो, सुरकुती दिसली की पुन्हा उपसतो. त्याने चहाची कपबशी अजून विसळलेली नाही, हे खरं; पण सुरुवात पलंगापासून झाली म्हणून ती नाकारू नये.

आणि ज्याला आजीचा मुद्दा अजून पटत नसेल त्याने चतुर्थीला यावं. कोकण रेल्वेने, खाजगी बसने, मिळेल त्या वाहनाने माणसं येतात. घरात अठरा डोकी होतात. साती उशा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटावर जातात. रनर कुठे जातो ते कुणी विचारत नाही. पलंगावर बॅगा, त्यांवर बॅगा, मध्ये दोन झोपलेली पोरं आडवी-उभी. आरती, भजन, उसळ-पाव सगळं आटोपल्यावर हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत चादरी पडतात आणि गणपतीच्या पायाशी, दाराजवळची जागा धरून पलंगकर जमिनीवर आडवे होतात. पहाटे कुणी उठायच्या आत त्यांनी आपली वळकटी बांधलेली असते, तीही चारी कोपरे खोचून.