पत्र्याखालची खाण

मे महिन्यात हिंगोलीचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याच्याही वर. अशा खोलीत इलेक्ट्रॉनिक्सची ताजी पदवी घेतलेलं एखादं पोरगं बनियनवर बसून बिटकॉइनच्या खाणकामाचं बोर्ड जुळवतंय, असं डोळ्यांपुढे आणा. नखाएवढी चिप साठ-पासष्ट अंशांच्या वर जाऊ नये म्हणून त्याचा जीव कासावीस. स्वतःला वारा घ्यायला त्याच्याकडे कालचं वर्तमानपत्र आहे.

चिप त्याने निवडली नाही. निवडायला वावच नाही. बिटमेन ही चिनी कंपनी या चिपा सुट्या विकत नाही, त्यांची कागदपत्रंही कुणाला देत नाही. जगभरच्या हौशी मंडळींनी त्या स्वतःच उलगडल्या आणि ‘बिटॲक्स’ नावाचा उघडा आराखडा तयार केला. ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा, बोर्ड छापून आणावं, भाग जमवावेत, सोल्डर मारावं. त्यातल्या ‘गॅमा’ आवृत्तीवरची बीएम १३७० ही चिप मूळची अँटमायनर एस२१ प्रो या थोरल्या यंत्रातली. तिथे अशा जवळपास दोनशे चिपा मिळून साडेतीन हजार वॅट ओढतात. मोडक्या बोर्डांवरून त्या उखडायच्या, पुसायच्या आणि पाकिटात घालून विकायच्या, असा हा धंदा. म्हणजे आपल्या नवउद्योजकाचं भांडवल दुसऱ्याच्या भंगारातून आलेलं. हरकत नाही. भंगाराला मराठवाड्याने कधी कमी लेखलेलं नाही.

एक चिप, सेकंदाला सुमारे १.२ टेराहॅश, म्हणजे १.२ लाख कोटी आकडेमोडी, खाणं सतरा-अठरा वॅट. ऐकायला किरकोळ. पण चिपला लागणारा दाब सव्वा व्होल्टच्याही आत, त्यामुळे करंट जातो पंधरा अँपियरच्या घरात. तुमच्या न्हाणीघरातला गिझर याहून कमी अँपियर घेतो. आणि हे सगळं ज्याच्या जिवावर चालायचं, तो पाच व्होल्टचा अडॅप्टर पोरगं कुठून आणतं? कपाटातल्या जुन्या चार्जरांच्या गुंत्यातून. चिपेवर हजारो रुपये घालवलेला माणूस अडॅप्टरपाशी अचानक काटकसरी होतो.

इथेच गंमत आहे. बोर्डाला चारेक अँपियर लागतात. बारीक वायरीत दशांश ओहमचा अडथळा असला, तरी तीनचार दशांश व्होल्ट वाटेतच गळतात. पाचाचे साडेचार झाले की बोर्डावरचा रेग्युलेटर तेवढीच शक्ती काढायला जास्त करंट ओढतो, वायर आणखी तापते, दाब आणखी पडतो. कमी दाबावर मोटार जळते हे वसमत-कळमनुरीच्या कुठल्याही शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. डीपीवर लोड आला की तो आधी स्टार्टर बंद करतो. चार वर्षं फी भरलेल्या त्याच्या मुलाला मात्र हे कळतं ते बोर्ड तीनदा आपोआप बंद पडून चालू झाल्यावर, आणि तोवर तो चिपेला शिव्या घालत असतो. मोटार वायंडिंगच्या दुकानात अर्धा दिवस बसला असता तर बरं झालं असतं. तिथे चहासुद्धा मिळतो.

अडॅप्टरच्या पोटात आणखी एक गरीब जीव असतो: कंडेन्सर. इलेक्ट्रोलिटिक जातीच्या कंडेन्सरचं आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. अंगावर ८५ अंश लिहिलंय की १०५, हे पाहून घेणारे कमी आणि डबीवरचा रंगीत फोटो पाहून घेणारे जास्त. पत्र्याखाली, बंद डबीत, दिवसरात्र पूर्ण लोडवर चालणाऱ्या त्या ८५वाल्याने एक उन्हाळा काढला तरी त्याचा सत्कार करावा.

आता कूलिंग. जोडणी शिकवणाऱ्या व्हिडिओतला माणूस बसलेला असतो पंचवीस अंशांच्या खोलीत, अंगात स्वेटर. तो सांगतो, हा हीटसिंक बास, चिप साठला थांबते. अगदी खरं सांगतो तो. त्याचा हीटसिंक आणि पंखा मिळून चिपेला खोलीपेक्षा पस्तीस अंश वर ठेवतात. पण ती पस्तिशी आपल्याकडेही पस्तीसच राहते. बेचाळीसमध्ये मिळवली की सत्त्याहत्तर होतात, आणि पंचाहत्तरच्या आसपास बोर्डाचं सॉफ्टवेअर हात वर करतं. हीटसिंक तांब्याचा घ्या, काळा घ्या, सोन्याचा मुलामा दिलेला घ्या. खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो होऊ शकत नाही. पंखा फुंकणार ती हवा हिंगोलीचीच, स्वित्झर्लंडची नाही.

म्हणून मग कुणीतरी सुचवतं, कूलर लावा. लावा की. पंप धरून दीडदोनशे वॅटचा कूलर, अठरा वॅटच्या चिपेसाठी. सोबत बोअरच्या क्षारांचं बारीक तुषारस्नान. पांढरा थर आधी कूलरच्या जाळीवर चढतो, मग बोर्डावर. आणि जून लागला, हवा ओलसर झाली, की कूलर आणि मालक दोघेही नुसतेच आवाज करतात.

पेस्टबद्दल फार बोलत नाही. चिप आणि हीटसिंक यांच्या मधल्या सूक्ष्म खाचांतली हवा हाकलणं एवढंच तिचं काम. धातूच्या मानाने ती उष्णता वाहण्यात मठ्ठच आहे, म्हणून जितकी पातळ तितकी बरी. नळी संपवायची जबाबदारी तुमच्यावर कुणी टाकलेली नाही. आणि स्क्रू चारही कोपऱ्यांनी सारखे आवळा. एका बाजूने कललेल्या हीटसिंकखाली कितीही महागडी पेस्ट व्यर्थ आहे.

पंख्याबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण लोक पंखा दिव्यांवरून निवडतात. निळा, हिरवा, सात रंगांत फिरणारा. त्या रोषणाईने एक अंशही उतरत नाही. बघायचं ते वेगळंच. बोर्ड पाच व्होल्टवर चालतं, मग पंखा पाचचा आहे की बारा व्होल्टचा? बाराचा पाचवर लावला की तो फिरतो, फिरताना दिसतोही, फक्त वारा देत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच समित्यांना हा गुण अवगत आहे. वायरी दोन की चार? चार असतील तर वेग कमीजास्त करता येतो आणि पंखा मेला तर बोर्डाला कळतं. दोनवाला मेल्याचं तुम्हाला वासावरून कळतं. बेअरिंग साधं बुशचं असलं तर आपल्या धुळीत ते लवकरच करकरू लागतं. आणि धूळ म्हणजे पुण्यातली नव्हे. फेब्रुवारीपासून वसमतकडे हळद शिजते, वाळते, ड्रममध्ये पॉलिश होते. त्या दिवसांत हवेत जी पिवळी भुकटी उडते, ती हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसली की पंखा चांगला असूनही उपाशी. रुंद फटींचा हीटसिंक घ्या, बोर्ड उभं ठेवा, महिन्यातून एकदा ब्रश मारा. शोकेसमध्ये, सेटटॉप बॉक्सच्या मांडीला मांडी लावून ठेवू नका. थंडीत उबेला पाल येते, तिचा बंदोबस्त ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे करावा.

चाळीस मिलिमीटरचा हा पंखा पूर्ण वेगात किंचाळतो, आणि हिंगोलीत आता आवाज जपून करायला हवा. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी मंजूर केले आणि त्याच वर्षी ११ मेला तिची पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीतला प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी लहान फरक मोजायचा. ही जागा निवडताना जमिनीची निश्चलता पाहिली गेली. यंत्र सुरू होईपर्यंत पोरांनी चांगले पंखे घ्यावेत, नाहीतर दोन कृष्णविवरांच्या टकरीचं श्रेय हिंगोलीतल्या एखाद्या माळ्यावरच्या पंख्याला जायचं.

सगळ्यात स्वस्त कूलिंग कुठल्याच दुकानात मिळत नाही, म्हणून कुणी सुचवत नाही. वेग आणि व्होल्टेज उतरवा. चिपेचं खाणं वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत बदलतं. व्होल्टेज दहा टक्के उतरवलं तर वेग न बदलताही जवळपास एकोणीस टक्के वॅट वाचतात. मेच्या दुपारी औताचा बैलसुद्धा झाडाखाली सोडतात. चिपेलाच भर उन्हात चाबूक का? पण नाही. स्क्रीनवरचा आकडा १.२ वरून १ वर आला की पोराचा चेहरा बारावीच्या निकालासारखा पडतो. मग दयाळू महावितरण मध्ये पडतं आणि लाईट घालवतं. एवढं परिणामकारक कूलिंग मी अजून पाहिलेलं नाही.

हे सगळं कशासाठी, याचाही हिशेब करू. जगभरच्या यंत्रांचा एकत्रित वेग अलीकडे सेकंदाला एक झेटाहॅशच्या, म्हणजे शंभर कोटी टेराहॅशच्या, आसपास पोचला. त्यात आपला वाटा साधारण त्र्याऐंशी कोटींत एक. बक्षिसाचा ब्लॉक जगात कुणाला तरी दर दहा मिनिटांनी लागतो, वर्षाला साडेबावन्न हजार. एकट्याने नशीब आजमावायचं तर सरासरीने सोळा हजार वर्षं लागतील. काहींना लवकर लागतो, तसा लॉटरीचा पहिला नंबरही कुणाला तरी लागतोच. पूलमध्ये, म्हणजे बक्षीस वाटून घेणाऱ्या गटात, सामील व्हावं तर एप्रिल २०२४ पासून बक्षीस ३.१२५ बिटकॉइन, दिवसाला १४४ ब्लॉक, म्हणजे साऱ्या जगात मिळून ४५० नाणी. आपल्या वाट्याला ५४ सातोशी, म्हणजे बिटकॉइनचे दहा कोटी तुकडे केले तर त्यातले चोपन्न. बिटकॉइन एक कोटी रुपयांना धरला तर सातोशी दहा पैशांची, दिवसाची कमाई ५ रुपये ४० पैसे. भिंतीतून वीस वॅट, चोवीस तास, म्हणजे अर्ध्या युनिटच्या आत; आठ रुपये दराने ३ रुपये ८४ पैसे. वरच्या स्लॅबात असाल तर हा परिच्छेद इथेच सोडा.

राहिले दीड रुपये. सरकारचं त्यांच्याकडेही लक्ष आहे. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर तीस टक्के कर, वर सेस. खर्च वजा करता येतो तो फक्त खरेदीचा. मग खाणकामाच्या यंत्रांचं काय? मार्च २०२२ मध्ये अर्थ राज्यमंत्री पंकज चौधरी यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं की खाणकामाच्या पायाभूत सुविधांचा खर्च खरेदीखर्चात धरता येणार नाही. म्हणजे कर बसतो तो थेट ५ रुपये ४० पैशांवर: १ रुपया ६८ पैसे. आमच्या पोराला दिवसाला सुमारे बारा पैसे तोटा. त्यात चिप, अडॅप्टर, पंखा, पेस्ट धरलेली नाही. ती तर सरकारही धरत नाही.

तरीही या पोराला मी हसत नाही, कारण महाराष्ट्राने याआधी जे खाणकाम पाहिलं त्यात बोर्डच नव्हतं. गेनबिटकॉइनवाल्या अमित भारद्वाजने ‘क्लाउड मायनिंग’चं गाजर दाखवलं: बिटकॉइन आमच्याकडे द्या, अठरा महिने दरमहा दहा टक्के घ्या. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी त्याला अटक केली, जानेवारी २०२२ मध्ये तो वारला, तपास पुढे सीबीआयकडे गेला. मधल्या मध्ये मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी आणखी दोघांना धरलं: आरोपींची डिजिटल पाकिटं तपासायला ज्या तज्ज्ञांची मदत घेतली होती, तेच दोघे. त्यातला एक माजी आयपीएस. तपासता तपासता काही नाणी स्वतःकडे वळवली, असा त्यांच्यावरचा आरोप. त्या गुंतवणूकदारांना पंखा पाचचा की बाराचा हा प्रश्न कधी पडला नाही. ढगात उकडत नाही. या पोराच्या खाणीला निदान बोट लावलं तर चटका बसतो. खाण अस्तित्वात आहे याची एवढी ठोस खातरी त्या योजनेत कुणाला मिळाली नव्हती.

आता राहिला तो चटका. थंड देशांत अशा यंत्रांच्या उष्णतेवर घरं आणि हरितगृहं तापवतात, हे वाचून आपल्याकडचा कुणीतरी हुशार म्हणणारच, की मग यावर हळद वाळवू. चांगली कल्पना आहे. शंभर किलो ओल्या हळदीची वाळून वीसेक किलो उरते, म्हणजे ऐंशी किलो पाणी उडवायचं. त्याला त्रेपन्नएक युनिट उष्णता लागते. आपलं बोर्ड वीस वॅटने, एक कणही वाया न घालवता, ते काम साधारण एकशे दहा दिवसांत करील. अंगणात पसरलेली हळद ऊन पंधरवड्यात वाळवतं, आणि उन्हावर अजून तरी तीस टक्के लागलेले नाहीत.