मोठं दुखणं जडवून घ्या: नवशिक्यांसाठी

मोठं दुखणं नशिबानं येतं, असं जाफराबाद तालुक्यात अजून पुष्कळांना वाटतं. नशिबाच्या भरवशावर बसलेले कित्येक जण मात्र नव्वदीतही पूर्णा नदीपर्यंत पायी जाऊन येतात. तेव्हा मेहनत हवी, सातत्य हवं आणि बायकापोरांचं न ऐकण्याची ताकद हवी.

साहित्य: तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, स्टँडवरचा चढत्या साखरेचा चहा आणि मोटारसायकल. गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानात जायचं असलं तरी किक मारायची. ‘आम्ही तर शेतात राबतो’ म्हणणाऱ्यांनीही निराश होऊ नये. नांगरटीला ट्रॅक्टर आला, मळणीला यंत्र आलं. उरलं बांधावर उभं राहून मोबाइलवर बोलणं.

जेवणाचं फार शिकवावं लागत नाही. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. लोणचं, पापड, ठेचा आणि चहाबरोबरची शेव मिळून तेवढं मीठ दुपारीच पोटात जातं. रक्तदाब वाढताना बहुधा काहीच दुखत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. मोठी सोय आहे ही.

तंबाखूला मात्र वेळ द्यावा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण जिद्दीच्या विद्यार्थ्याला कुणी अडवू शकत नाही. बायांनी मशेरी लावावी आणि ‘दात घासते’ म्हणावं. यथावकाश गालाच्या आत पांढरा चट्टा दिसेल, तिखट झोंबू लागेल, तोंडात तीन बोटं उभी जाणार नाहीत. इथंच कच्चे विद्यार्थी घाबरून दवाखाना गाठतात. तंबाखू सुटली आणि वेळेवर उपचार झाले, तर कर्करोग टळू शकतो, मग इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात!

आता मुख्य विद्या: अंगावर काढणं. ही आली, तर बाकी काही नसलं तरी चालतं. आशाताई दारात येतील, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा फॉर्म भरतील, कंबरेचा घेर विचारतील, दवाखान्यात चला म्हणतील. त्यांच्याशी भांडू नका, चहा पाजा आणि म्हणा, “सोयाबीन निघू द्या, ताई.” मग कपाशीची वेचणी असते, मग हरभरा, मग लग्नसराई, मग पेरणी. वर्षभरात तपासणीला एकही मोकळा दिवस सापडत नाही, हे शेतीचे आम्हांवरचे मोठे उपकार आहेत. तरी कुणी फारच मागं लागलं, तर हुकमी वाक्य: “एकदा गोळी सुरू झाली की जन्माची मागं लागते.” गोळी न घेतल्यानं डायलिसिस मागं लागतं, याची वाच्यता करू नये.

छातीत कळ आली, घाम फुटला, तर गॅस म्हणायचं. ओवा खायचा, सोडा प्यायचा, पडून राहायचं. १०८ ला फोन करणारा अभ्यासक्रमातून बाद.

बायांनी धाराशिवकडच्या बायांचा कित्ता मुळीच गिरवू नये. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाची माणसं गावोगाव फिरली. काही गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, तीही आयुष्यात एकदाच. २००९ मध्ये निकाल आला: त्या गटांत या कर्करोगानं होणारे मृत्यू चाचणी न झालेल्यांच्या जवळपास निम्म्यावर आले होते. आपल्याच मराठवाड्यातल्या, आपल्यासारख्याच कामाच्या रगाड्यातल्या बाया, पण एक दिवस काढून गेल्या आणि जगल्या. असली उदाहरणं चावडीवर सांगू नयेत, पोरीबाळी बिघडतात.

शेवटी एक अडचण. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत, त्यामुळे ‘पैसे नाहीत’ हे आपलं जुनं खणखणीत उत्तर गेलं. दुसरं शोधा. नाहीच सापडलं, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी पिशवी भरण्याआधी ग्रामीण रुग्णालयात शिरा आणि दंडाला पट्टा बांधून घ्या. रक्तदाब मोजायला पाच मिनिटं पुरतात.